लुगड्यांचा व्यवसाय व त्यातील सत्ता, महाराष्ट्रातील

वस्त्रांचा नमुना, रंग, पोत व नेसण्याची पद्धत यांत काळानुसार होणाऱ्या आणि समाजातील मोठ्या वर्गाने अनुकरणीय मानलेल्या बदलास स्थूलमानाने फॅशन म्हणतात. हा बदल आपोआप घडतो, अशी सर्वसामान्य समजूत आहे. प्रत्यक्षात त्यामागे सूत कोणाच्या मालकीचे, नमुना कोणी ठरवावयाचा, भाव कोणी बांधावयाचा आणि विकताना कापडावर नाव कोणाचे लावावयाचे, हे चार निर्णय असतात. ज्याच्या हाती हे निर्णय एकवटतात, तो त्या व्यवसायाचा खरा धनी ठरतो. महाराष्ट्रात या चार निर्णयांचा इतिहास स्त्रियांच्या लुगड्याच्या इतिहासातून जितका स्पष्ट दिसतो, तितका अन्य कोणत्याही वस्त्रातून दिसत नाही. पुरुषांचे धोतर व पागोटे विसाव्या शतकात मागे पडले. लुगडे मात्र नऊवारीचे सहावारी झाले, सुती व रेशमी रूपांबरोबर कृत्रिम धाग्याचे रूपही त्याने घेतले, तरी टिकून राहिले.

अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील प्रवरा नदीकाठचे कोल्हार भगवतीपूर हे गाव विणकामासाठी प्रसिद्ध नाही. तथापि ते नगर-मनमाड मार्गावर आहे. या मार्गाच्या दक्षिण टोकास सुती लुगड्यांचे जुने केंद्र नगर, तर उत्तरेकडे कोपरगाव ओलांडल्यावर रेशमी व जरीच्या वस्त्रांचे केंद्र येवला (नासिक जिल्हा) लागते. कोल्हारच्या भगवती देवीच्या यात्रेत, अन्य देवीस्थानांप्रमाणेच, लुगडे व खण अर्पण करून ओटी भरण्याची रीत आहे. विणकर, व्यापारी आणि ओटी भरणारी शेतकरी स्त्री या तिघांचा संबंध ज्या टापूत शतकानुशतके आला, त्याच्या मध्यावर हे गाव उभे आहे.

प्राचीन काळ : इ. स. पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक प्रवासवृत्तात पैठण (प्रतिष्ठान) व तगर (तेर) या दक्षिणेतील दोन बाजारपेठांचा उल्लेख आहे. तगरहून साधे कापड, नाना प्रकारची मलमल व अन्य सुती माल गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असे, असे त्यात म्हटले आहे. पैठणच्या संदर्भात मात्र त्या ग्रंथात गोमेदसदृश खड्यांची निर्यात नमूद केलेली आहे, वस्त्रांची नव्हे. पैठणीची परंपरा थेट सातवाहनांशी जोडणाऱ्या लोकप्रिय लेखनात हा भेद बहुधा विसरला जातो.

विणकरांच्या आर्थिक स्थानाविषयी याहून मोलाचा पुरावा नासिक येथील पांडवलेण्यांत आहे. क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात (ऋषभदत्त) याने एका लेण्यातील भिक्षूंच्या निर्वाहासाठी ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे मुद्दल कधीही न मोडण्याची ठेव, गोवर्धन येथील विणकरांच्या (कोलिक) दोन श्रेणींकडे ठेवली. त्यांपैकी २,००० कार्षापण एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या दराने आणि १,००० दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण या दराने होते. पहिल्या रकमेचे वार्षिक व्याज २४० कार्षापण होते. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे, हा हिशेब त्याच्याशी तंतोतंत जुळतो. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, राजाचा जावई विणकरांकडे पैसा ठेवीत आहे आणि विणकर व्याज देण्याची हमी घेत आहेत. श्रेणी ही पतपेढीचे काम करण्याइतकी विश्वासार्ह व धनवान संस्था होती. पुढील दीड हजार वर्षांत ही स्थिती पूर्णपणे उलटली. एकोणिसाव्या शतकातील विणकर ऋणको होता आणि व्याज घेणारा दुसराच होता.

राजाश्रय व मक्तेदारी : मध्ययुगात उंची वस्त्रांचा नमुना दरबारच्या मागणीनुसार ठरू लागला. मोगलांच्या शाही कारखान्यांत कारागीर देखरेखीखाली काम करीत. खिलत म्हणून दिले जाणारे वस्त्र हे केवळ बक्षीस नसून देणाऱ्याच्या अधिकाराची खूण असे. मराठा दरबाराने ही पद्धत उचलली. थोरल्या माधवराव पेशव्यांनी तांबडा, हिरवा, केशरी, डाळिंबी व गुलाबी अशा विशिष्ट रंगांचे असावली दुपट्टे मागविल्याचे सांगितले जाते. ग्राहक रंगाची छटा नावानिशी सांगतो, तेव्हा नमुन्यावरील सत्ता त्याच्याकडे असते. विणकराच्या वाट्यास कौशल्य येते, निवड येत नाही.

येवल्याची कथा याहून बोधप्रद आहे. हे गाव रघुजी नाईक यांनी वसविल्याची परंपरा आहे. त्यांनी गुजरातेतील व्यापाऱ्याच्या द्वारे रेशीमकाम करणारे कारागीर येथे आणविले आणि या धंद्यास राजाश्रयाने मक्तेदारीचे संरक्षण मिळाले. बाहेरून येणाऱ्यास मोठी रक्कम मोजल्याशिवाय येथे रेशमाचा माग टाकता येत नसे. येवला पुढे विंचूरकरांच्या जहागिरीत गेले, तरी ही व्यवस्था चालू राहिली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, ब्रिटिश अमदानीत, ती मोडली. मक्तेदारी गेल्याने मागांची संख्या व विणकर जाती यांत भर पडली. त्याबरोबरच कारागिरांना असलेले संरक्षणही गेले आणि रेशीम मुंबईहून उधारीवर आणणाऱ्या व्यापाऱ्याचे महत्त्व वाढले. चीन व बंगालमधील कच्चे रेशीम मुंबईमार्गे येत असल्याने ज्याची मुंबईत पत, त्याचे येवल्यात राज्य, अशी स्थिती निर्माण झाली.

राजाश्रयाचे वेगळे उदाहरण अहिल्याबाई होळकर (१७२५–९५) यांचे आहे. नगर जिल्ह्यातील चौंडी येथे जन्मलेल्या या राज्यकर्त्या स्त्रीने नर्मदाकाठी महेश्वर येथे राजधानी केली व तेथे विणकर आणून वसविले. महेश्वरी साडीची साधी, चौकटीची वा पट्ट्यांची ठेवण आणि मर्यादित जर ही त्यांच्या अभिरुचीची खूण मानली जाते. राज्य गेल्यावर हा धंदा खालावला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातील वंशजांनीच रेहवा सोसायटी ही संस्था स्थापून तो सावरला. उंची वस्त्राचे केंद्र एका आश्रयदात्यावर किती अवलंबून असते, याचे हे दोन्ही टोकांचे उदाहरण एकाच गावी सापडते.

दरबाराखेरीज जातिव्यवस्था व रूढी यांचीही वस्त्रावर सत्ता होती. काठाची रुंदी, सुताचा बारीकपणा, लुगडे गुडघ्याच्या वर की घोट्यापर्यंत नेसावयाचे, यांवरून जात व दर्जा ओळखला जाई. ब्राह्मण विधवेस तांबडे आलवण नेसावे लागे. ज्या बाजारात ग्राहकाच्या निवडीस असे कुंपण असते, तेथे विणकरास मागणीचा अंदाज बांधणे सोपे जाते, हे खरे. पण त्या सोयीची किंमत नेसणाऱ्या स्त्रीला मोजावी लागत होती.

नगरचे विणकर आणि सावकार : अहमदनगर शहराची स्थापना मलिक अहमद निजामशाह याने १४९४ मध्ये केली. शहराच्या वाढीबरोबर येथे विणकामही वाढले आणि एकोणिसाव्या शतकात नगर, भिंगार, संगमनेर इ. ठिकाणी लुगडी व पागोटी विणली जात. कोष्टी, साळी, मोमीन आणि तेलंगणातून आलेले पद्मसाळी हे येथील प्रमुख विणकर समाज होत. जाडीभरडी, टिकाऊ, रंगीत काठांची नगरी लुगडी आसपासच्या जिल्ह्यांत खपत. त्यांची गिऱ्हाईक प्रामुख्याने शेतकरी व श्रमिक स्त्री होती.

या धंद्याची रचना पाहिली म्हणजे सत्ता कोठे होती, हे कळते. विणकराजवळ माग, फणी, धोटा व कौशल्य होते. खेळते भांडवल नव्हते. सूत तो व्यापाऱ्याकडून उधार घेई आणि तयार लुगडे त्याच व्यापाऱ्यास देई. सुताची किंमत व्यापारी ठरवी, लुगड्याची किंमतही तोच ठरवी आणि मधल्या फरकास मजुरी म्हटले जाई. दोन्ही टोकांचे भाव एकाच्या हाती असल्यावर मधला आकडा किती राहील, हे सांगावयास नको. लग्न, आजारपण वा पावसाळ्यातील मंदी यांसाठी घेतलेली उचल फिटेपर्यंत विणकरास दुसऱ्या व्यापाऱ्याकडे जाता येत नसे. कर्जाची रक्कम हीच त्याच्या श्रमावरील मालकीची सनद होती.

याच जिल्ह्याच्या व लगतच्या पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात १८७५ मध्ये सावकारांविरुद्ध दंगे झाले. शेतकऱ्यांनी कर्जखते हिसकावून जाळली. त्यांचा परिणाम म्हणून १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला आणि पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांत न्यायालयांना कर्जव्यवहाराच्या मुळाशी जाऊन हिशेब तपासण्याचा अधिकार मिळाला. परंतु हा कायदा शेतीवर उपजीविका करणाऱ्यांसाठी होता. केवळ मागावर पोट भरणारा विणकर त्याच्या व्याख्येत बसत नव्हता. दंगे करणाऱ्या शेतकऱ्याचे गाऱ्हाणे सरकारपर्यंत पोहोचले. विणकराने खते जाळली नाहीत आणि त्याच्यासाठी असा कायदाही झाला नाही. इतिहासलेखनात दख्खनच्या दंग्यांवर जितके लिहिले गेले आहे, त्या मानाने त्याच जिल्ह्यांतील विणकरांच्या ऋणग्रस्ततेकडे फारच कमी लक्ष गेले आहे.

विणकराचे नशीब मात्र शेतकऱ्याशीच बांधलेले होते. दुष्काळ पडला की घरात प्रथम नव्या वस्त्राची खरेदी थांबते, मग दागिने मोडले जातात आणि शेवटी धान्य आटते. १८७६–७७ व १८९९–१९०० या दुष्काळांत विणकरांच्या मागण्या शेतमजुरांच्याही आधी बंद पडल्या. खडी फोडण्याच्या दुष्काळी कामाने विणकराची बोटे निबर होऊन नाजूक कामास निरुपयोगी होतात, हे ध्यानात आल्यावर त्यांना त्यांच्याच धंद्यातील काम देण्याचे प्रयत्न दख्खनमध्ये काही ठिकाणी झाले.

गिरण्या : मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांच्या पुढाकाराने १८५४ मध्ये स्थापन होऊन १८५६ मध्ये चालू झाली. सोलापुरात १८७० च्या दशकात गिरणी आली. गिरण्यांनी हातमाग बुडविला, हे विधान सरसकट खरे नाही. हातसुताचा धंदा त्यांनी व विलायती सुताने बुडविला, यात शंका नाही. साधे पांढरे कापड व धोतरजोड्या यांतूनही हातमाग मागे हटला. लुगड्यात मात्र तो टिकला आणि त्यामागे तांत्रिक कारण होते. लुगड्याचा काठ व अंग यांत बाणा वेगवेगळ्या रंगांचा घालावयाचा, तर दोन काठांस दोन व अंगास एक असे तीन धोटे लागतात आणि प्रत्येक फेरीस ते एकमेकांत अडकवावे लागतात. गिरणीतील वेगवान मागास हे परवडणारे नव्हते. दुसरे असे की, प्रत्येक टापूतील स्त्रियांची रंग व काठ यांची आवड निराळी होती. एका नमुन्याची थोडीच लुगडी खपत आणि गिरणीचा ताणा तर एकदा बांधला की हजारो वार कापड काढणारा. थोडक्यात, नगर वा सोलापूरच्या विणकरास गावोगावच्या स्त्रियांच्या चोखंदळपणाने वाचविले. फॅशन ही येथे श्रीमंतांची मक्तेदारी नव्हती. बाजाराच्या दिवशी काठ उलटून पाहणारी शेतकरीण ही तिची एक सूत्रधार होती.

१९०० नंतर झटक्याचा धोटा, रासायनिक रंग, मर्सराइज्ड सूत आणि पुढे कृत्रिम रेशीम हातमागाकडे आले. अमेरिकन मराठी मिशनचे अभियंते डी. सी. चर्चिल यांनी नगर येथे वेगवान सुधारित हातमाग तयार केला. या सुधारणांनी उत्पादन वाढले. परंतु सूत, रंग व जर ही सर्व बाहेरून, रोखीने आणावी लागत असल्याने व्यापाऱ्यावरील अवलंबित्वही वाढले. स्थानिक रंगाऱ्यांचा धंदा बसला. गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ना. म. जोशी यांच्या मुंबई दख्खनमधील नागरी हस्तव्यवसायांवरील ग्रंथात विणकराच्या या परावलंबनाचे विवेचन आहे. अमेरिकन इतिहासकार डग्लस हेन्स यांनी २०१२ मधील आपल्या ग्रंथात याच काळाकडे दुसऱ्या बाजूने पाहिले आहे. लहान शहरांतील कारखानदार व विणकर हे केवळ बळी नव्हते, तर नव्या मागणीस तोंड देणारे कल्पक उत्पादक होते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. दोन्ही चित्रे खरी आहेत. फरक इतकाच की, कल्पकतेचा लाभ ज्याने चार मागांचे दहा माग केले त्यास झाला. दहा मागांपैकी एकावर बसणाऱ्यास नव्हे.

अभिरुचीचे नवे नियंते : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वस्त्र न विणता व न विकताही त्याची मागणी घडविणारा वर्ग उदयास आला. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला. त्यांच्या अनेक चित्रांतील पौराणिक नायिका नऊवारी लुगडे नेसलेल्या आहेत. या स्वस्त रंगीत प्रती घरोघर लागल्याने एका प्रांताची वेशभूषा देशभर ओळखीची झाली.

रंगभूमीचा प्रभाव याहून प्रत्यक्ष होता. नारायण श्रीपाद राजहंस तथा बालगंधर्व (१८८८–१९६७) यांनी १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी काढली. स्त्रीभूमिकांसाठी ते खरे शालू, पैठण्या व दागिने वापरीत आणि त्यांवर होणाऱ्या खर्चाने मंडळीस कर्जात लोटले. त्यांचे लुगडे नेसणे, पदर घेणे, केसांत फुले माळणे यांचे अनुकरण मध्यमवर्गीय स्त्रिया करीत. स्त्रियांना स्वतः रंगभूमीवर येण्यास समाजाची मनाई असलेल्या काळात स्त्रीने कसे दिसावे, हे एक पुरुष नट ठरवीत होता, ही त्या युगाच्या सत्तारचनेतील विलक्षण विसंगती होय.

राजकीय चळवळीनेही वस्त्राचा ताबा घेतला. गणेश वासुदेव जोशी (सार्वजनिक काका) १८७७ च्या दिल्ली दरबारास खादीच्या वेषात गेले होते. ब्रिटिश सरकारने १८९६ मध्ये लँकाशरच्या दबावाखाली हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसविला, तेव्हा भारतीय ग्राहकाच्या अंगावरील कापडाचा निर्णय मँचेस्टरमध्ये होतो, हे सर्वांस उघड दिसले. पुण्यात ऑक्टोबर १९०५ मध्ये आणि मुंबईत परळ येथे ३१ जुलै १९२१ रोजी विदेशी कापडाच्या होळ्या झाल्या. खादीचे नऊवार लुगडे जड व महाग पडे, अशी स्त्रियांची तक्रार होती. चळवळीच्या इतिहासात तिची नोंद क्वचितच घेतली जाते.

वस्त्रावरील सत्ता नेसणाऱ्यांनी स्वतःकडे घेतल्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण महाडचे आहे. डिसेंबर १९२७ मधील सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्य स्त्रियांच्या सभेत वेशभूषेचा प्रश्न हाताळला. लुगडे गुडघ्याच्या वर नेसणे, हातापायांत कथील-चांदीच्या दागिन्यांचे जड ओझे वागविणे, या जातीच्या खुणा टाकून द्याव्यात आणि लुगडे वरच्या वर्गातील स्त्रियांप्रमाणे नेसावे, असे त्यांनी आवाहन केले. ते स्त्रियांनी तत्काळ अमलात आणण्यास प्रारंभ केला. येथे नवे कापड नव्हते, नवा नमुना नव्हता आणि कोणा व्यापाऱ्याचा फायदाही नव्हता. तेच लुगडे केवळ वीतभर खाली आले आणि तेवढ्याने गावोगावी वाद उभे राहिले.

सहकार व शासन : सावकारी पाशावर सहकार हा उपाय १९०४ च्या कायद्यापासून सुचविला जात होता. विणकरांच्या संस्था निघाल्या, पण बहुतेक अल्पजीवी ठरल्या. याची तुलना कोल्हारच्या शेजारीच घडलेल्या दुसऱ्या प्रयोगाशी करणे उद्‌बोधक ठरेल. लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी उभारलेला प्रवरा सहकारी साखर कारखाना १९५० च्या अखेरीस चालू झाला. विणकरांच्या पाहण्या ज्या गोखले संस्थेने केल्या, तिचेच संचालक असलेले गाडगीळ या कारखान्याचे आरंभीचे अध्यक्ष होते. एकच विचारवंत, एकच जिल्हा, एकच तत्त्व. फलित मात्र भिन्न झाले. उसाच्या सहकारात कच्चा माल सभासदाच्या स्वतःच्या शेतात पिकत होता, साखर ही एकजिनसी वस्तू होती आणि कारखाना हे सर्वांना एकत्र बांधणारे यंत्र होते. विणकराचे सूत गिरणीतून येई, लुगडे हे शंभर नमुन्यांचे व दर हंगामास बदलणारे आणि माग ज्याच्या त्याच्या घरात. शिवाय बागाईतदार सभासदाजवळ तारण ठेवण्यास जमीन होती. विणकर संस्थेत सभासद होई, पण विक्री न झालेल्या मालाचे ओझे संस्थेवर पडताच तो पुन्हा व्यापाऱ्याच्या ओसरीवर जाई.

दुसऱ्या महायुद्धात १९४३ पासून कापड व सूत यांवर नियंत्रण आले आणि सुताचा कोटा हीच सत्ता बनली. कोटा ज्याच्या नावे, तो माग न चालविताही कमवू लागला. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये अखिल भारतीय हातमाग मंडळ स्थापन झाले आणि १९५३ मध्ये गिरणीच्या कापडावर उपकर बसवून हातमागास साहाय्य देण्यात आले. याउलट कानुनगो समितीने (१९५४) हातमागांचे क्रमाने यंत्रमागांत रूपांतर करावे, अशी शिफारस केली. प्रत्यक्षात ते शासनाच्या योजनेविना, भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी व सोलापूर येथे घडून आले. काठपदराच्या साड्यांसह काही प्रकार हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा १९८५ मध्ये झाला व सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये तो वैध ठरविला. राखीव प्रकारांची संख्या मात्र १९९६ मध्ये निम्मी, म्हणजे बावीसवरून अकरा करण्यात आली. हातमाग मंडळ २०२० मध्ये बरखास्त झाले.

गिरण्यांची सत्ता त्याआधीच ओसरली होती. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार सहभागी झाले. संप औपचारिकपणे मिटलाच नाही. अनेक गिरण्या पुन्हा उघडल्या नाहीत. त्यांच्या जमिनी कापडापेक्षा मोलाच्या ठरल्या. लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या भव्य बाजारसंकुलात जगभरच्या वस्त्रनाममुद्रांची दुकाने आहेत. जेथे कापड निघत होते, तेथे ते बाहेरून येऊन विकले जाते.

नाममुद्रा, अभिकल्पक व पैठणी : यूरोपात नमुन्याची मालकी कारागिराकडून अभिकल्पकाकडे जाण्याची प्रक्रिया चार्ल्‌स फ्रेडरिक वर्थ याने १८५८ मध्ये पॅरिसमध्ये आपले वस्त्रालय काढले तेव्हा सुरू झाली, असे मानतात. गिऱ्हाइकाने नमुना सांगावयाचा, ही रीत मोडून त्याने नमुना स्वतः ठरविला व कपड्यावर आपले नाव लावले. विसाव्या शतकाच्या अखेरीस ही नावेही भांडवली समूहांनी विकत घेतली. १९८७ मध्ये स्थापन झालेला एलव्हीएमएच हा फ्रेंच समूह त्यांतील प्रमुख होय. शिलाई स्वस्त मजुरीच्या देशांत गेली. ढाक्याजवळील राणा प्लाझा ही इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळून ११०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा ढिगाऱ्यात सापडलेल्या नावपट्ट्यांवरून कोणता माल कोणासाठी शिवला जात होता, हे जगास कळले.

भारतात राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था १९८६ मध्ये दिल्लीत व १९९५ मध्ये मुंबईत आली. १९९८ मध्ये अभिकल्पकांची परिषद स्थापन झाली. २००० मध्ये दिल्लीत भरलेला पहिला फॅशन सप्ताह लॅक्मे या प्रसाधन-नाममुद्रेच्या नावाने झाला. पुढे परिषद व पुरस्कर्ते विभक्त होऊन २००६ पासून दिल्ली व मुंबई येथे वेगवेगळे सप्ताह भरू लागले. वस्त्रांच्या उत्सवास प्रसाधन-उत्पादकाचे नाव असणे, हे अर्थपुरवठा कोण करतो, याचे द्योतक आहे.

पैठणीचा प्रवास या नव्या रचनेत विशेष लक्षणीय आहे. निजामाच्या राजवटीत राजघराण्यातील निलोफर बेगम यांनी तिच्या काठपदरात नवे नमुने आणले, असे सांगतात. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर पैठण येथे हे विणकाम जवळजवळ संपुष्टात आले होते. १९७० च्या दशकात महाराष्ट्र शासनाच्या पुढाकाराने तेथे प्रशिक्षण व उत्पादन केंद्र सुरू झाले. येवल्यात मात्र खाजगी विणकर-व्यापाऱ्यांनी धंदा वाढविला आणि तेच पैठणीचे मुख्य केंद्र बनले. पदरावरील मोर, पोपट, कमळ ही रूपे लहान लहान कांड्यांनी हाताने भरली जातात. एका साडीस नमुन्यानुसार काही आठवड्यांपासून कित्येक महिने लागतात.

या साडीस व्यापक मध्यमवर्गीय घरांत पोहोचविण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात दूरचित्रवाणीस द्यावे लागेल. २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘होम मिनिस्टर’ या झी मराठी वाहिनीवरील कार्यक्रमात विजेत्या गृहिणीस पैठणी दिली जाई. एके काळी दरबार खिलत देत असे, तशी आता वाहिनी पैठणी देऊ लागली. मागणी वाढताच यंत्रमागावरील व अन्य राज्यांतून येणारी अनुकृती त्याच नावाने विकली जाऊ लागली. भौगोलिक उपदर्शन कायद्याखाली (१९९९) पैठणीची नोंद २०१०–११ मध्ये झाली. या नोंदीने नावाची मालकी कायद्याने प्रदेशातील उत्पादकांकडे आली. परंतु अनुकृतीविरुद्ध दावा लावण्यास लागणारा पैसा व वेळ मागावर बसणाऱ्याजवळ नसतो, तो पेढीवाल्याजवळ असतो. रेशीम प्रामुख्याने कर्नाटकातून व जर सुरतेतून येते. येवल्यातील अनेक विणकर आजही पेढीवाल्याने दिलेल्या रेशमावर, त्यानेच दिलेल्या नमुन्याबरहुकूम, नगावर ठरलेल्या मजुरीने काम करतात. त्याबरोबरच स्वतःचे रेशीम विकत घेऊन घरातूनच गिऱ्हाइकास थेट साडी विकणारी विणकर कुटुंबेही तेथे आहेत. शिर्डीच्या दर्शनाहून नगर-मनमाड मार्गाने येवल्यास वाट वाकडी करणारे प्रवासी, हा त्यांच्या गिऱ्हाइकांतील एक भाग होय.